उजेडाचं टेबल

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात माझं काम उजेडाचं.
काचेखाली दिवा, काचेवर कॉडचा तुकडा,
आरपार बघायचं, बोटांनी चाचपायचं,
काटा राहिला असेल तर चिमट्यानं उपटायचा.
सोळा वर्षं झाली.
माझ्या हातून काटा सुटत नाही,
असं मुकादम सगळ्यांना सांगतो.

आणि मार्जूनचा गुडघा रात्री ठणकायचा तेव्हा
मी म्हणाले, वाढीचं वय आहे, शेकून घे.
चार महिने म्हणत राहिले.
दिवसा दुखलं तर खेळ, रात्री दुखलं तर वाढ.
कुणी शिकवलं होतं मला हे?
कुणीच नाही.

कोपनहेगनला डॉक्टर लिनेगोर यांनी पडदा उजळला
आणि मी सवयीनं वाकले.
मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी
हाडातून बाहेर फुटलेलं हाड,
बारीक, सगळ्या दिशांना.
"याला आम्ही सूर्यकिरण म्हणतो," त्या म्हणाल्या
आणि स्वतःच ओशाळल्या.
आमच्या गावापुढे डोंगर असा आडवा
की नोव्हेंबरात गेलेलं ऊन थेट जानेवारीत येतं.
आम्ही त्याची वाट बघत होतो,
आणि ते उगवलं कुठे!

मग शब्द शिकले. ऑस्टिओसार्कोमा.
हाड घडवणारीच पेशी, थांबायचं विसरलेली.
तपासणीची सुई कुठून घालायची
हेही कापणाऱ्यानंच ठरवायचं असतं,
कारण सुईची वाटसुद्धा पुढे कापून काढतात.
आधी औषध, दहा आठवडे. मग सुरी. मग पुन्हा औषध.
एक पिशवी पिवळीजर्द, एक लाल.
लाल चढली की लघवी लाल,
हेईनीचा चेहरा उतरला,
तर ही म्हणे, बाबा, आत रंगकाम चाललंय.
तिसऱ्या पिशवीनं कानांतले उंच स्वर नेले.
किनाऱ्यावरच्या त्याल्दूरची शीळ
आता तिला नीट येत नाही.
असं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं मला.
मीच ऐकलं नव्हतं.

पुढे तीन वाटा होत्या.
आत धातूचा गुडघा, जन्मभर जपायचा,
पोर वाढेल तसा पुन्हा उघडायचा.
नाहीतर मांडीतूनच पाय जाणार.
तिसरी मला दोनदा समजावावी लागली:
गुडघ्याचा भाग काढतात, मज्जातंतू तेवढा अखंड ठेवतात,
खालचा पाय अर्धा वळवून मांडीला जोडतात.
टाच पुढे, बोटं मागे,
आणि घोटा गुडघ्याच्या नोकरीवर रुजू होतो.
मी नको म्हटलं. हेईनी खिडकीशी गेला.
मार्जूननं विचारलं,
"कुठल्या पायानं जोरात आपटता येईल?"

आमच्या नाचाला वाद्य नसतं.
हातात हात, लांबलचक साखळी, जुनी गाथा तोंडपाठ,
दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे,
लाकडी जमिनीचाच ढोल.
अकरा वर्षांच्या पोरीनं
तेवढ्यावर ठरवून टाकलं.

काढलेल्या हाडाचा अहवाल आला:
गाठीतल्या शंभर पेशींमागे चौऱ्याण्णव मेलेल्या.
चांगलं आहे, खूप चांगलं, डॉक्टर म्हणाल्या.
मी त्या सहांना मोजत बसले.

कारखान्यात लिगायानं फोटो बघितला
आणि पटकन बोलून गेली,
आमच्याकडे रानातल्या भुतांचे पाय उलटे असतात.
मग जीभ चावली.
मी घरी येऊन सांगितलं, तर मार्जून म्हणाली,
"मग मी अर्धंच भूत. सोमवार ते बुधवार."

कमालनं बनवलेल्या पायात ती उलटं पाऊल खोचते,
पट्टे आवळते, शिव्या देते.
फुप्फुसांचा फोटो दर तीन महिन्यांनी.
पुढचा मंगळवारी.

आज शनिवार. सभागृहात साखळी धरलेली.
तिचं आपटणं किंचित उशिरा येतं, आवाज वेगळा,
मी डोळे मिटूनही ओळखते.
तिच्या डाव्या हाताला मी,
मंगळवारच्या पडद्याकडे मनातून वाकलेली.
"आई," ती ओरडते,
"दोन डावीकडे! तू चुकतेयस."