एक्केचाळिसावा लिफाफा

काळा समुद्र खरं तर काळा नाही.
झोंगुलदाकच्या इस्पितळातून, तिसऱ्या मजल्यावरून,
मार्चमध्ये तो शिळ्या चहासारखा दिसतो.
काळं असतं ते आत.
काल पडद्यावर पाहिलं दुर्सुन उस्तांचं फुप्फुस,
एकोणतीस वर्षांचा कोळसा
कडेकडेने पेन्सिलीने गिरवल्यासारखा.

लिफाफा सकाळी सातला फोडतात.
मी फोडत नाही. मला कळता कामा नये
भूल पाठीत कुठे दिली,
मणक्याच्या आतल्या पोकळीत, की मणक्याला लागून,
जिथून एकेका फासळीची नस बाहेर पडते.
नव्वद माणसं, अर्धी इकडे, अर्धी तिकडे,
नशिबाने नव्हे, संगणकाने वाटलेली.
पट्टी मात्र सगळ्यांना सारखीच, पांढरी, वीतभर.
मी फक्त आकडा विचारायला येते.
दोन तासांनी, सहा, बारा, चोवीस.

आदल्या दिवशी डॉक्टर नुरहाननी समजावलं होतं,
उजव्या बाजूची हवा आम्ही बंद करू.
ते फुप्फुस मिटेल,
डावं दोघांचं काम करेल.
उस्ता म्हणाले, आमच्याकडेही हेच,
एका बोगद्याला फळ्या मारायच्या
आणि शेजारच्यात खणत राहायचं.
"फळ्या काढायला तेवढं विसरू नका, बाई."
संमतीच्या कागदावर पेन अडलं.
नुरहाननी दुसरं दिलं. तेही अडलं.
शेवटी सही माझ्या पेन्सिलीने, आणि वरून शाई.

दोन तासांनी.
उस्ता, शून्य ते दहा.
शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट.
ते छताकडे बघत राहिले.
कल्पना कशाला, म्हणाले, दहा मला ठाऊक आहे.
सतरा तास आम्ही खाणीच्या तोंडाशी उभे होतो.
भावाला वर काढलं तेव्हा
त्याच्या डब्यातले ऑलिव्ह तसेच होते, ओले, चकचकीत.
"त्याच्याखाली मोजायचं, तर हे…"

माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता.

"तीन लिही पोरी. तीन बरं दिसतं."
बरं दिसायला नको, म्हटलं.
"मग दोन. पण खोकायला सांगू नकोस."

सांगावंच लागतं.
पडून असताना एक आकडा, खोकताना एक.
उशी छातीशी कवटाळून त्यांनी डोळे मिटले
आणि असे खोकले
की पलीकडच्या खाटेवरचा मुलगा उठून बसला.
"सहा," म्हणाले, गाल पुसत.
"आणि हेही लिही, की तळापासून आला."
मी समासात लिहिलं. समासात लिहायची परवानगी नाही.

दुर्सुन म्हणजे राहू दे.
आधीची तीन राहिली नाहीत, म्हणून आईने ठेवलेलं नाव.

पुढच्या जूनमध्ये यादी उघडेल,
मला कळेल ते कुठल्या अर्ध्यात होते.
तोवर त्यांचे दोन आणि सहा
चव्वेचाळीस जणांच्या दुखण्यात मिसळून
दशांश चिन्हाच्या उजवीकडे कुठेतरी गेलेले असतील.
त्या आकड्यावरून कुणीतरी ठरवेल
एर्झुरुममध्ये, किंवा आणखी लांब,
पुढच्या पाठीत सुई कुठे शिरवायची.
हे बरोबरच आहे. मी त्यासाठीच पगार घेते.

चोवीस तासांनी गेले तेव्हा
सून डबा घेऊन आलेली, ते बसते झालेले.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "सात."
माझं पेन थबकलं. हात बेलकडे गेला.
"बिया," म्हणाले,
बशी माझ्यापुढे सरकवत.
"दुखणं अजून मोजलं नाही."