बंद टोक

सिम्युलेशनमध्ये डोळा उघडा होता,
टपोरा, स्वच्छ, काठाला नावालाही धूसर नाही.
सीप्झच्या तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेदहाला,
मोजलेला डोळा मात्र
रांजणवाडी झाल्यासारखा मिटलेला.

शाळेत शिकवलं होतं, तार म्हणजे तार.
इकडे बटण, तिकडे दिवा.
हळू चालणाऱ्यांसाठी ते खरंच आहे.
सेकंदाला पंचवीस अब्ज वेळा हो-नाही म्हणायला लागलं
की वीतभर तांबंही लांबचा प्रवास होतो,
वीज आतून जात नाही, नुसती कातडीवरून सरकते,
आणि पुढे काय वाढून ठेवलंय
ते तिला पोचल्यावरच कळतं.

म्हणून मी रेघेचे तुकडे केले.
प्रत्येकाला थोडा आळस, थोडी साठवण,
थोडी झीज, थोडी गळती.
असे चारशे, एकापुढे एक,
आई किराण्याचा हिशोब मांडायची तसे.
हिशोब जुळला.
बोर्ड जुळला नाही.

हिराजी वैती सोल्डरिंगचा माणूस, ट्रॉम्बे कोळीवाड्याचा.
चौतीस वर्षं भिंगात डोळा घालून बसलेला.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"मॅडम, सोळा थर. सिग्नल तिसऱ्यालाच उतरला.
मग खालचं भोक कोणासाठी?"

कोणासाठीच नाही.
अडीच मिलिमीटर तांबं, कुठेही न जाणारं.
मी ते धरलंच नव्हतं. जिथून कोणी जात नाही
तिथे काय घडणार?

"भरती खाडीत शिरते तशी बंद फाट्यातपण शिरते," वैती म्हणाला.
"तिथून मागे फिरते ती नेमकी होडीच्या तोंडावर.
बाप सांगायचा, मोठ्या पाण्याचं सोड,
फाट्याकडे लक्ष ठेव."
एवढं बोलून डबा धुवायला गेला.

मी अडीच मिलिमीटर लिहिले. रन.
पडद्यावरचा डोळाही मिटला,
त्याच जागी, तसाच.
बाहेर पॅसेजमधले दिवे कोणीतरी बंद करत होतं
आणि मी एकटी हसत बसले,
पहिल्यांदा माझं मॉडेल
खऱ्या बोर्डासारखं नापास झालं होतं.

सकाळी वसईच्या ड्रिलवाल्याला फोन:
मागच्या बाजूने घ्या, तिसऱ्या थराच्या जरा अलीकडे थांबा.
तो विचारेलच,
घातलेलं तांबं काढायचे पैसे देता?
देते म्हणेन.