मन्मथप्पांचे तीन साचे

मोंढ्यातून थेट आले मन्मथप्पा,
खांद्यावर तुरीचा भुस्सा, कवळी रुमालात.
काउंटरवर ठेवली, हरभऱ्याचा नमुना ठेवावा तशी.
"अय्युब, ढिली केलास बघ तू.
सौद्यात सहा हजार म्हणलो की
'सहा' बाहेर पडतंय,
'हजार' आतच फिरलालंय.
हमालाची पोरं हसलालीत."

मी माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला.
प्लास्टरचे तीन जबडे. पाठीवर पेन्सिलीनं साल.

पहिला, त्र्याण्णवच्या उन्हाळ्यातला.
मी तेव्हा वस्तादाकडं प्लास्टर कालवायचो.
हिरडीचा कणा बांधासारखा उंच,
चिमटीत धरता येईल असा.
दुसरा, दोन हजार सहाचा.
बांध झिजलेला,
शेजाऱ्यानं दर पेरणीला एक तास आत घ्यावा
आणि आपण काही म्हणू नये, तसा.
तिसरा मागच्या आठवड्यातला.
त्यात बांध नाहीच.
बोट सरळ घसरत जातं,
मागं एक धार तेवढी लागते.

"आप्पा, कवळी हाय तेवढीच हाय.
तुम्ही कमी झालाव."

मुळं होती तोवर हाडाला काम होतं.
मुळं गेली, वर नुसतं ओझं राहिलं,
आणि बिनकामाचं हाड
अंग सांभाळत बसत नाही.
ही पडझड आवाज करत नाही.
हनुवटी नाकाकडं सरकते,
लोक म्हणतात, म्हातारपण.

तोंड उघडायला लावलं.
टाळूवर कवळीच्याच आकाराचा लाल ठसा.
ओठांच्या कोपऱ्यांत चिरा.
ठेचा सोडला म्हणाले, जणू आपल्या मर्जीनं.
"रात्री काढून पाण्यात ठेवता का?"
आप्पा बाहेर बघायला लागले.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
एक हातगाडा, पंक्चरवाल्याची टाकी.

"महानंदानं मला बिनदाताचं पाह्यलं नाही.
तीस वर्षं झाली."

दिवे मालवल्यावरसुद्धा?
हे मी विचारलं नाही.

"नवी गुरुवारी मिळेल. ही राहू द्या इथंच,
तोवर हिरडी मोकळी ठेवा."
त्यांनी पहिला जबडा उचलला,
तळहातावर जोखला, अंगठ्यानं बांध चाचपला.
आयुष्यभर मूठभर दाण्यावरून
पोत्याचा भाव सांगणारा माणूस.
"ह्यो नेऊ का? दाखवतो तिला."

रुमालात कवळीच्या जागी तो जबडा गेला.
गांधी चौकाच्या गल्लीनं आप्पा निघाले,
डावा हात तोंडावर.
कोपऱ्यापर्यंत तरी होता.
पुढं रसवंतीची कनात आड आली.