ग्राफपेपरवर नऊ रात्री

बाबांच्या कपाटात उरलेला तो शेवटचा कागद.
कडा पिवळ्या, चौकोन अजून निळे.
एका कोपऱ्यात मोराचं अर्धं पीस:
त्या चादरीचं गिऱ्हाईक मागे फिरलं
तेव्हा पेन्सिल इथंच थांबलेली.
मी मोर तसाच ठेवला
आणि त्याच्या पायाशी लिहिलं,
व्हिएन्ना, तीन रात्री.

एक चौकोन म्हणजे अर्धा दिवस.
भरलेला चौकोन, धागा वर; कोरा, धागा खाली.
कोऱ्यातूनही तो जातोच, बाबा सांगायचे,
आणि मी नववीतली, न ऐकता मान हलवायची.

दाजी पेठेत बातमी आमच्याआधी फिरते.
गुंडेटी काका जिन्यातूनच बोलत आले,
"सात देश, बारा दिवस, रोज वरणभात.
हाताला धरून नेतात की!
तू कशाला डोकं शिणवतीस?"
मला कुणी हाताला धरून न्यायला नकोय, काका.
हे म्हटलं नाही.
चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे सरकवली.

ल्युब्लियाना हे गाव
नाव उच्चारता येईना म्हणून ठेवलं होतं.
वर्गात पोरांसमोर तीनदा म्हणून पाहिलं,
चौथ्यांदा जमलं,
त्याच संध्याकाळी हिशेब मांडला आणि खोडलं.
रबराचा चुरा फुंकताना
उगाच वाटलं, कुणाला तरी येतो म्हणून सांगितलेलं.

अंबादास उशिरा येतो कारखान्यातून,
भुवयांवर कापसाची पांढरी लव.
तो पॅकिंगला. त्यानं खोक्यांवर चिकटवलेली शहरं
माझ्या कागदावर मावणार नाहीत.
"प्राग? अगं, मागच्या दिवाळीत चाळीस खोकी गेली तिथं,
फिकट राखाडी, पाचशे ग्रॅमचा माल."
असं सांगतो जणू चाळीस चुलतभाऊ तिथं नांदतायत.
मग चष्मा काढून विचारतो,
"आणि पाणी?"

पाचव्या दिवशी येतं आमच्या गल्लीत.
नऊ रात्री म्हणजे एक पाळी नक्की,
कदाचित दोन.
प्राग ते बुडापेस्ट गाडी कितीला सुटते
ते मला तीन महिने आधी कळतं, मिनिटासकट.
नळाचं तीन तास आधीही नाही.
तेव्हा सगळ्यात वर एक निळी ओळ आखली:
टाकी, हंडे, वहिनींकडे किल्ली.
व्हिएन्ना तिच्याखाली आली.

व्हिसाच्या यादीत अकरावा मुद्दा,
परत याल याचा पुरावा.
शाळेचं रजेचं पत्र जोडलं,
घरपट्टीची पावती,
सहकारी बँकेचं सहा महिन्यांचं पासबुक,
शिक्का जरा तिरका.
अंबादास म्हणाला, पाणीपट्टी पण लाव.
एवढी भरूनही इथं राहतो म्हणजे
साहेबाला खात्रीच पटेल.
हसता हसता स्टेपलरची पिन बोटात घुसली.

बेचाळीस अंशांची रात्र, गच्चीवर गादी,
मोबाईलच्या उजेडात तो कागद वाचतो,
बोट ठेवून, पाढे म्हटल्यासारखा.
विमान. किल्ला. पूल. गाडी. पूल.
सहाव्या दिवशी थांबतो.
"इथं काय लिहायचं राहिलं?"
काही नाही.
"म्हणजे?"
म्हणजे दुपारभर काही नाही. बसायचं.
बावीस वर्षांत आम्ही दोघं
दवाखाना आणि लग्नं सोडून
कुठं नुसतं बसलोय, ते आठवत होते मी,
तोही तेच आठवत असावा,
कारण बराच वेळ बोलला नाही.
मग हळूच,
"बाकडं असेल ना तिथं?"

खाली कुणाची तरी मोटर सुरू झाली.
कागद उशीखाली सरकवून
आम्ही दोघंही उठलो.