गवत बदलण्याचे दिवस

मार्च लागला की बाबा माळ्यावरचे कूलर उतरवतात,
ताट्या काढून गेल्या वर्षीचं गवत ओढतात बाहेर:
काळं, क्षाराने कडक,
एखाद्या ताटीत चिमणीचं अर्धं घरटं.
"जुनं गवत हवा देते, गारवा नाई देत,"
हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात,
आणि गिऱ्हाईक मान हलवून वाळ्याचा भाव विचारतं.

टिमकीतलं आमचं दुकान, सोनकुसरे कूलर्स.
वेबसाइटवरचं दुकान मात्र
चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातच बसलेलं.
तिथे दोन फुटी कूलर चार हजार आठशेला मिळतो.
तिथे नवतपा विशेष सूट, त्वरा करा.
लोक त्वरा करतात. ऐन डिसेंबरात.
तिथे मेट्रोचं काम अजून सुरू आहे,
तरी कृपया मागच्या गल्लीतून यावे,
आणि माणसं येतात बिचारी,
पराते काकूंच्या अंगणातून,
वाळत्या कुरोड्यांना वळसा घालून,
घाम पुसत विचारतात,
"समोरचा रस्ता तर मोकळाच आहे नं वो तुमचा?"

हे सगळं मीच लिहिलं होतं,
बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी, एका रात्रीत,
आणि वाटलं होतं, झालं एकदाचं.
पेंटरकडून पाटी रंगवून घ्यावी
आणि वीस वर्षं वर बघूच नये, तसं.

आज बसले.
बाबा पंपाच्या आवाजावरून ओरडत होते एकेक आकडा,
मध्येच म्हणाले, "थांब, पत्र्याचा भाव विचारतो."
सूट काढली.
मेट्रोचं काम पूर्ण केलं, एका बोटाने.

मग अगदी खाली,
दुरुस्तीसाठी संपर्क: गुलाब.
पुढे त्याचा नंबर.

गुलाब आमच्याकडे अकरा वर्षं होता.
मोटर नुसती कानाने ऐकायचा आणि सांगायचा,
बुश गेलं की वायंडिंग.
दोन वर्षांपूर्वी भांडून गेला,
पगारावरून, का चहावरून, दोघं वेगवेगळं सांगतात,
आणि चौकाच्या पलीकडे स्वतःचं शटर उघडलं.
तेव्हापासून घरात त्याचं नाव नाही.
आणि आम्हीच रात्रंदिवस
वाटत होतो त्याचा नंबर आमच्या गिऱ्हाइकांना.

पुसण्याआधी फोन लावला.
"गुलाबभाऊ, आमच्या नावाने फोन येतात का तुम्हाला?"
"येतात नं. उन्हाळ्यात दिवसाचे सात-आठ."
"मग?"
"मग काय. सांगतो, मी आता तिथं नाई.
मांगच्या गल्लीतून नोका जाऊ, पुढून जा.
भाव वाढले असन.
मालकाले कमी ऐकू येते, जरा मोठ्यानं बोला."

दोन वर्षं जे पान मी उघडलं नाही
ते हा माणूस तोंडी दुरुस्त करत होता,
एकेका अनोळखी आवाजापाशी.

"एकही गिऱ्हाईक ठेवून नाही घेतलं?"
जरा थांबला.
"एक. मेडिकलचे डॉक्टर होते. मोटर जळली होती.
तुमच्याकडं कोन भरनार होतं, बाप्पा?
तेवढं चालते नं."

फोन ठेवला.
संपर्क, दोन टिंबं, आणि पुढे कर्सर
उघडमीट करत उभा,
दारात आलेल्या माणसाने आत यावं की नाही, तसा.

बाबा हात झटकत आले.
बाह्यांवर नवं गवत चिकटलेलं, ओल्या लाकडाचा वास.
स्क्रीनकडे पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला.
किती ऐकलं होतं त्यांनी, कोण जाणे;
कमी ऐकू येतं ते गिऱ्हाइकांना.

"नंबर राहू दे तो," म्हणाले.
"फक्त लिहून टाक, आता समोर बसते."

मी लिहिलं. आजची तारीख टाकली.
म्हटलं, झालं.

"झालं कसं?" बाबा परत ताटीकडे वळत म्हणाले,
"पत्रा सोमवारी महागनार आहे.
सोमवारी बसजो परत."