साडेआठची नोंद

रोज सकाळी साडेआठला मी पाऊस मोजतो.
वाळपईच्या अलीकडे, शेतकी फार्मच्या कुंपणात,
गुडघ्याहून ठेंगणं एक नळकांडं,
वर नरसाळं, आत बाटली.
बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं,
डोळा रेघेच्या पातळीवर आणायचा,
आकडा वहीत.
एकोणीस वर्षं. पगार नाही, मानधन आहे,
तेही पावसासारखंच, येईल तेव्हा.

माप वीस मिलिमीटरचं.
जास्त पडला की पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं.
भात मोजताना आई एक म्हणायची नाही.
पहिल्या कुडवाला ‘लाभ’,
मग दोन, मग तीन.
मीही तसंच मोजतो. सरकारला ठाऊक नाही.
आषाढात कधी सात मापं व्हायची,
तेव्हा पदेर सायकल थांबवून विचारायचा, कितलो पडलो रे?
आणि मी आकडा सांगायचो
घरी पोर जन्मल्यासारखा.

वह्या चाळल्या तर दिसतं,
वर्षाची बेरीज फारशी हललेली नाही.
पण पूर्वी तो हप्त्याहप्त्याने यायचा.
आता पंधरा दिवस शून्य, शून्य, शून्य,
तरव्याला पिवळी कड,
आणि मग एका रात्री सगळं एकरकमी,
देणेकरी की घेणेकरी
कळू नये असा.

त्या रात्री
(तारीख लिहीत नाही, वहीत आहे)
साडेअकराला बाटली भरत आली असणार.
नियम असा की मध्येच मोजून रिकामी करावी.
बॅटरी घेऊन निघालो,
आणि वाटेत सुशांती गावसची भिंत पडली.
मातीची भिंत पडताना फार आवाज करत नाही,
कुणी पोतं खाली ठेवावं इतकाच.
मग तिची सासू, खुर्चीसकट,
गाभण शेळी, सिलिंडर, रेशनकार्ड,
पोराची दहावीची पुस्तकं.
शाळेच्या पायऱ्यांपर्यंत पाच खेपा.
सहाव्या खेपेला म्हादई कमरेला लागली.
काळोखात ती नदी वाटत नव्हती,
जत्रेतली गर्दी वाटत होती, मागून ढकलणारी,
आणि तिला खाणीच्या मातीचा वास होता.

सकाळी साडेआठला मी फार्मवर.
कुंपण नव्हतं.
नळकांडं होतं, जागच्या जागी, सरळ,
काठोकाठ लाल.
बाटलीत बोटभर गाळ
आणि नखाएवढी एक कुर्ली, जिवंत.

यात आभाळाचं किती,
नदीचं किती,
वरच्या धरणाने सोडलेलं किती,
डोंगर कापून नेलेल्या रस्त्याचं किती?
कोणत्या मापाने वेगळं काढू?

पणजीहून फोन. आकडा?
म्हटलं, नाही.
अंदाजे सांगा.
म्हटलं, अंदाज सुशांतीला विचारा,
तिला कौलापर्यंतचा ठाऊक आहे.
पलीकडचा माणूस हसला नाही, ते बरं केलं.
चौकोनात मी आडवी रेघ ओढली.
एकोणीस वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस
माझ्या वहीत नाही.

कुर्लीला ओहोळात सोडलं.

पुढच्या सोमवारी सुशांती अर्ज घेऊन आली.
नुकसानीच्या अर्जात एक रकाना आहे,
‘त्या दिवशीचे पर्जन्यमान’.
तिने पेन माझ्याच हातात दिलं.
मी तिच्याकडे बघत होतो, ती कागदाकडे.
बराच वेळ.

आता फार्मवर नवा खांब आहे,
तो स्वतःच मोजतो, स्वतःच कळवतो.
मला कुणी नको म्हटलेलं नाही, म्हणून मी जातो.
चवथ आठ दिवसांवर, आणि आभाळ कोरडं.
आज बाटली उलटी केली, थेंब नाही.
शून्य लिहिलं.
ओठांवर आलंच होतं, लाभ.
मोजायला काहीच नसलं तर पहिलं काय म्हणायचं
हे आईला विचारायचं राहून गेलं.