कशावर चालतं?

शफीकभाईच्या ज्यूस सेंटरमागे संध्याकाळी
मोसंबीच्या सालींचा ढीग पडतो, गुडघ्याएवढा.
आधी फक्त बकऱ्या यायच्या. आता मीही जाते,
खताच्या रिकाम्या गोणीत दहाएक किलो भरून
स्कूटीवर पायांच्या मध्ये ठेवते.
बकऱ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

घरी सात लिटरचा जुना कुकर,
शिट्टीच्या जागी तांब्याची नळी,
नळी बादलीतल्या गार पाण्यात वेटोळं घालून बसलेली.
जालन्यात नळ आठ-दहा दिवसांनी,
म्हणून बादलीतलं कोमट झालेलं पाणी मी ओतून देत नाही,
त्यात भांडी निघतात, मग पायपुसणी,
उरलंसुरलं कढीपत्त्याला.
चार खेपा, अर्धा सिलेंडर (नवऱ्याचा हिशेब, माझा नाही)
आणि शेवटी पाण्यावर तरंगणारा एक पिवळट थर,
खोकल्याच्या औषधाच्या झाकणात दोनदा मावेल एवढा.

लहानपणी बदनापूरला वीज गेली की
भाऊ चिमणीच्या ज्योतीवर साल पिळायचा,
तडतड ठिणग्या, फुकटची फुलबाजी.
ते हेच.
अकरावीच्या वर्गात मी याला लिमोनीन म्हणते,
दहा कार्बन, सोळा हायड्रोजन,
पोरं फळ्यावरून उतरवून घेतात,
वास कुणालाच येत नाही.

गल्लीत मात्र पहिला प्रश्न ठरलेला:
मॅडम, हे कशावर चालतं?

ग्रीसवर चालतं.
रोलिंग मिलमधून अंबादास येतो तो कोपरापर्यंत काळा,
करडईच्या तेलात चार थेंब, चोळायचं, चिंधीनं पुसायचं,
हाताखालून हात निघतो,
आणि त्यावर गोंदलेलं नाव,
जे त्याच्या बायकोचं नाही.
बरणीच्या चिवट लेबलावर चालतं.
बियाण्यांच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या पोरी
बोटांचा डिंक काढायला नेतात.
फरशीवर चालतं, मुंग्यांच्या रांगेवर,
श्रावणात कुबटलेल्या कपाटावर.
नुसतं कातडीवर नाही,
डोळ्याजवळ नाही, शेगडीजवळ तर नाहीच नाही.
शुगरवर? नाही.
गुडघ्यावर? नाही हो काकू,
चोळणाऱ्याच्या हाताचा गुण असतो तो,
त्याला तेल कुठलंही चालतं.

मग एका रात्री समोरच्या केवळाबाई.
चाळीस वर्षं एका खोलीत नणंदेशी भांडल्या,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नणंद गेली.
"झोप न्हाई बाई. यावर चालतं का?"

मला माहीत नव्हतं.
पुस्तकांत लिहिलेलं असतं, मन हलकं होतं,
किती ग्रॅम, ते लिहिलेलं नसतं.
रुमालावर दोन थेंब टाका, उशाशी ठेवा, म्हटलं.
पैसे घेतले नाहीत,
म्हणजे काही कबूल केलं असंही व्हायला नको.

महिन्यानं बाटली परत आली,
घासलेली, उन्हात वाळवलेली.
आली का झोप?
"झोप कुठली. पण अंधारात आसं वाटायचं,
पल्याड बसून कुणी मोसंबी सोलायलंय,
आन् मला इचारत बी न्हाई,
एकलीच खायलीय.
आसा राग यायचा!
लई दिवसांनी राग आला, बाई."

बाटली पुन्हा भरून दिली.
मी वही ठेवते, कुणाला किती, कशासाठी.
ग्रीस, डिंक, फरशी, मुंग्या.
पेन घेऊन बराच वेळ बसले,
मग तो रकाना तसाच सोडला
आणि लिहिलं:
केवळाबाई, दहा मिली.